फेल्टखालचे तीन दात

मी, शेवटी सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा लाकडाचे कातकाम, गल्लीत 'लेथवाली' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. राग शाबूत असल्याचा दाखला मी स्वतः देते.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव मुलीला. तिने लेथला कधी हात लावला नाही, त्याबद्दल दोघींचीही तक्रार नाही.

२. कारखाना यजमानांनी माझ्या नावे केला होता. ते गेल्यावर लेथ मी चालवला आणि पुढच्या दुकानात धाकटा दीर बसला. गिऱ्हाईक विचारी, "हे कोणी केलं?" तो म्हणे, "आपणच." आयत्या बिळावर नागोबा. मुलीचे शिक्षण व्हायचे होते, म्हणून मी मूग गिळून बसले. पुढे ती सवयच झाली. तरीही सदर कारखाना, लेथसह, दिराला देत आहे. वहिनीने काही दिले नाही असे कोणी म्हणू नये.

३. लेथवर लाकूड पकडणारा चार जबड्यांचा मोठा चकही त्यालाच. त्याच्याच हट्टाने तो आणला होता. "वहिनी, आता सगळं चकमध्येच धरायचं," म्हणाला, आणि आयुष्यात एकदाच लेथवर उभा राहिला. लांब दांडा चकमध्ये आवळला, दुसऱ्या टोकाला आधार दिला नाही. दांडा उडाला, खिडकीची काच फुटली. वर म्हणतो, "लेथच वाकडा आहे." वाडग्याला चक आणि लांब कामाला दातांचे सेंटर, एवढे त्याला शेवटपर्यंत कळले नाही. चक आवळायची किल्ली सोबत ठेवली आहे. ती लपवायचा मोह दोनदा झाला.

४. चार दातांचे जुने सेंटर नणंदेला, म्हणजे याच दिराच्या थोरल्या बहिणीला. हा लोखंडी तुकडा दांड्याच्या टोकात ठोकून बसवायचा, मग लेथ त्याच्या जोरावर लाकूड फिरवतो. त्याचा एक दात लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुटला. यजमान म्हणाले, नवा घेऊ. मी म्हटले, तीन पुरतात. तेव्हापासून माझ्या प्रत्येक लांब कामाच्या तळाला तीन खुणा आणि एक रिकामी जागा असते. दीर त्यावर फेल्टचे हिरवे जाड कापड चिकटवतो आणि फेल्टवर स्वतःची सही करतो.

५. कारागीर संघाच्या सभागृहात मेणबत्ती लावायचे दोन उंच स्टँड आहेत. त्या जोडीबद्दल दिराला मानपत्र मिळाले. मी तिसऱ्या रांगेत होते. तो माईकवर म्हणाला, "वहिनींच्या हातचा चहा मिळाला की मला काम सुचतं." लोक हसले. मीही हसले, आणि त्या हसण्याचा मला आजही संताप येतो. मी गेल्यानंतरच्या पहिल्या सभेत नणंदेने ती जोडी सर्वांसमोर उलटी करावी, फेल्ट सोलावे आणि सेंटरचे दात त्या खुणांत बसवून दाखवावेत. भाषण करू नये. चहा दिराने द्यावा.

६. वरीलपैकी कोणतीही देणगी कायद्याने रद्द ठरल्यास ती नणंदेला मिळावी. माझ्या प्रत्येक कामाला सव्वीस वर्षे तिने पॉलिश केले आणि तिचेही नाव कुठे नाही.

७. वकीलबाईंनी बजावले आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. लिहून दिले असले तरी ते रद्द होते. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असेही नाही. मी म्हटले, मग एक साक्षीदार ठरला. त्या म्हणाल्या, "आजी, नीट विचार करा." तीस वर्षे केला आहे.

आज दिराला सहीसाठी मागच्या खोलीत बोलावले आहे. "हे काय आहे?" एवढे जरी त्याने विचारले, तरी सगळे वाचायला देईन आणि दुसरा साक्षीदार शोधीन. ही त्याला शेवटची संधी.

लिहून देणार: (सही) लेथवाली
साक्षीदार १: (सही) आमचे डॉक्टर
साक्षीदार २: (सही, ऐसपैस) धाकटा दीर

स्थळ: कारखान्याची मागची खोली
दिनांक: १४ मार्च, सकाळी अकरा

ता. क. त्याने एवढेच विचारले, "वहिनी, सही कुठं करू?"
मी म्हटले, "नेहमीच्याच जागी. खाली."