आरशांची कांचळी

नेर,
ता. ३ एप्रिल

ती. पुष्पाताईस,
बादलचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सारे बरे आहे. सौ.ला नववा लागला. फोनवर बोलावं तर आईचा जीव, याडी तुझ्या शेजारीच कान लावून बसलेली असते, म्हणून हा पत्राचा खटाटोप.

आपली खुशी शेजारच्या भुरीबाईंकडे टीव्ही पाहायला जाते. तिथल्या एका मालिकेत चेटकीण दाखवली. अंगात आरशांची कांचळी, खाली घेरदार फेटिया, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. थेट याडीचाच पोशाख. तेव्हापासून पोरगी आजीच्या फोटोखालून जात नाही. फोटो उतरवला, तरी झोपेत रडते. पाच वर्षांच्या लेकराला काय समजावणार?

सौ. दवाखान्यात गेली की हिला सांभाळायला याडीच येणार. ती दारात दिसताच खुशी किंचाळून पळाली तर याडीला काय वाटेल? तेवढ्यापुरती तिला साडी नेसायला राजी कर. खरं कारण सांगू नकोस. उन्हाळ्यात हलकी पडते म्हण.

ती. बापूंना दंडवत. माझ्यावर चिडलीस तरी लोभ कमी करू नये.

तुझा,
बादल


महागाव,
ता. ९ एप्रिल

चि. बादल यास,
पुष्पाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी तुझा रागच आला. तांड्यात फेटिया घालणारी आता एकटी याडीच उरली आहे, आणि तिलाच तू साडीत गुंडाळायला निघालास.

मला थापा मारता येत नाहीत. खरं तेच सांगितलं. ती बराच वेळ गव्हातले खडे वेचत बसली. मग म्हणे, पोरीले भेव लागते तर साडी घालून पाहू, तू कायले मनावर घेतं.

दंडावरच्या बांगड्या मात्र बापू असेपर्यंत उतरायच्या नाहीत. त्या झाकायला पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला, एवढ्या उन्हात. साडीत अंगणभर चालून पाहिलं तर दोनदा अडखळली. बापूंनी तिच्याकडे न पाहता बैल पाण्यावर नेले. मला रडू आलं.

आणि हो, टीव्हीत पूर दाखवला की तू कुठे तोंड लपवायचास, ते खुशीला सांगू का? याच फेटियाच्या घेरात.

सौ.ला जप. वेळेवर कळवत जा, म्हणजे माया टिकते.

तुझी,
ताई


नेर,
ता. २७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगा झाला हे फोनवर कळलंच आहे. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

साडीतली आजी खुशीला लगेच आवडली. तिच्याकडूनच वेणी, तिच्याच हातचं जेवण. मी निश्चिंत झालो. पण बाळाला पाहायला निघायच्या सकाळी याडीने पिशवीतून कांचळी काढली. नातवाले मी माह्याच कपड्यात घेईन म्हणाली, आणि आत जाऊन कडी लावली.

ती कडी ढिली आहे. खुशीने दार ढकललं. मी धावत पोचलो तेव्हा ती उंबऱ्यावर थिजून उभी होती. याडीने तिला हाक मारली नाही. खाली बसली आणि ब्लाउजची घडी घालत राहिली.

मी उचलायला हात पुढे केले तर खुशीने झटकले. हळूहळू याडीजवळ गेली. कांचळीच्या एका आरशाला डोळा लावला, मग दुसऱ्याला. मग मलाच सांगू लागली, की टीव्हीतल्या बाईच्या आरशात ती कुठेच नव्हती, आणि आजीच्या सगळ्या आरशांत तीच आहे.

दवाखान्यात याडीने बाळाला घेतलं, तेव्हा खुशी फेटिया धरून उभी होती. साडी-ब्लाउज परत पाठवतो. बापूंना सांग, आता याडीकडे पाहायला हरकत नाही.

आम्हां साऱ्यांवर, आता एका जास्तीच्यावरही, लोभ असू द्यावा.

तुझा,
बादल