खाऱ्या पाण्यातले दगड कुणाकडे जावेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, अविवाहित, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे (आता निवृत्त), हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाचं तेवढं खात्रीने सांगता येत नाही. पुढच्या आठवड्यात त्याचं ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई. माझ्यावर कुणीही दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात दुसरं कुणी नाही.

वकिलांनी बजावलं आहे की मुद्देसूद लिहा, गोष्टी सांगत बसू नका. जमेल तेवढं करते.

१. घर. दुसऱ्या मजल्यावरचं हे दोन खोल्यांचं घर मी आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, यांनी मिळून घेतलं. दादा गेल्यावर ते माझ्या एकटीच्या नावावर झालं. माझ्यानंतर ते माझ्या भाचीला द्यावं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीला, यात काही नाही. कारण तिला माहीत आहे. तरी लिहिते: दादाला जाऊन आठवडा झाला नव्हता तेव्हा ती याच खोलीत उभी राहून म्हणाली होती, "हा काचेचा डबा आधी विकून टाक, म्हणजे इथे दुसरा पलंग बसेल." दुसरा पलंग कुणासाठी, हे मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. भाची समजूतदार आहे, आईची समजूत ती काढेल.

२. बँकेतली शिल्लक. इस्पितळाचं बिल भागून काही उरलं तर तेही भाचीलाच.

३. हत्यारं. मेण कोरायच्या सुऱ्या, छोटी भट्टी, पॉलिश करायचं चाक आणि दातांच्या रंगांचा नमुना-संच. कवळ्यांच्या लॅबमध्ये माझ्या जागी जी मुलगी आली आहे, तिला हे सगळं द्यावं. मधल्या सुरीची मूठ मी माझ्या बोटांप्रमाणे घासून घेतली आहे. तिला ती अडचणीची वाटली तर खुशाल बदलावी.

४. टाकी. या कलमाला वेळ लागेल.

बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे. ती दादाची. दादा फ्रिज दुरुस्तीचं काम करायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं थंड केली, आता आपल्या घरी समुद्र आणायचा, असं त्याच्या डोक्यात बसलं. स्टँड त्यानेच जोडला, पाइप त्यानेच बसवले. "घरात काय समुद्र आणतोस? पुसायचं कुणी?" म्हणून मी रोज कटकट केली. पाणी भरायच्या आधी फक्त दगड निवडायचे राहिले होते. त्या आठवड्यात तो एका गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात, फ्रिजमागे वाकलेला असतानाच गेला.

कोरडी टाकी तशीच उभी राहिली. संध्याकाळी दिवा लावला की तिच्या काचेत मी दिसायची, जेवणाचं एक ताट घेऊन बसलेली. ते मला बघवेना. टाकी परत घेता का, असं विचारायला मी दादाने ती घेतली होती त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "परत नाही घेता येणार, मॅडम. पण तुमचे भाऊ दगड निवडायला येणार होते. तुम्ही निवडता का?"

मला मुळात दगड कशाला लागतात हेच माहीत नव्हतं. त्याने सांगितलं की दगड शोभेसाठी नसतात. दगडाच्या भोकाभोकांत न दिसणारे जीव राहतात आणि तेच पाणी साफ ठेवतात. दगड दोन जातींचे. एक कोरडा, पांढरा, धुऊन ठेवलेला. त्यातून काही नको ते घरात येत नाही. दुसरा समुद्रातून ओलाच आणलेला, जिवंत. "नवीन माणसाने कोरडा घ्यावा," तो म्हणाला. "जिवंत दगडात काय बसून येईल, काही सांगता येत नाही."

मी म्हटलं, "जिवंत द्या."

मागच्या बाजूला मोठी टपं होती. मी बाही वर करून हात घातला. दादाने हौसेने भलेमोठे दगड घेतले असते आणि टाकीच्या तोंडातून ते आत गेलेच नसते. मी हाताला हलके लागतील, छिद्रं जास्त असतील आणि शेवाळाचा जांभळा थर चांगला धरला असेल असे दगड बघत होते. प्रत्येकाचा वास घेतला. समुद्राचा वास आला तर ठेवायचा, कुजका आला तर परत टपात. मग खाली बसले आणि एकावर एक लावून पाहू लागले. वरचे दात खालच्या दातांवर बसतात तसा दगडही दगडावर बसायला हवा, डुगडुगला तर पुढेमागे काच फोडणार. जन्मभर हेच केलं होतं. सगळी दुपार गेली. दादा गेल्यापासून त्या दुपारी पहिल्यांदा मला घरी जायची भीती वाटली नाही.

दगड घरी आले. आधी रिकाम्या तळावर दगड, मग वाळू, असं दुकानदाराने सांगितलं होतं; तसंच केलं. सुरुवातीला आठवडेच्या आठवडे मासे घालायचे नसतात. पाणी आधी बिघडतं, मग सावरतं. मी खुर्ची ओढून बघत बसायची. दगडांखेरीज काही दिसत नव्हतं.

एका दुपारी आडवी पडले होते, तेव्हा बाहेरच्या खोलीत टक् असा मोठा आवाज झाला. मला वाटलं, काच गेली. टॉवेल, बादल्या घेऊन धावले. काच शाबूत होती. थोड्या वेळाने पुन्हा टक्. दुकानदाराला फोन केला तर तो हसला.

"कोळंबी आहे, मॅडम. दगडात बसून आलीय. तिचा एक नांगा मोठा असतो, तो मिटला की गोळी सुटल्यासारखा आवाज होतो. काढायला हवी. नाहीतर लहान मासे मारेल."

"कशी काढायची?"

"तो दगड गोड्या पाण्यात बुडवा. आपोआप बाहेर येते."

"आणि नाही काढली तर?"

"मग मासे विसरा."

मी मासे विसरले. दादाला पिवळे मासे हवे होते. त्याने मला माफ करावं किंवा करू नये. मी त्याला अजून केलेलं नाही, न सांगता गेला म्हणून. पण या घरात माझ्याखेरीज कुणीतरी आवाज करत होतं, आणि त्याला गोड्या पाण्यात बुडवणं माझ्याच्याने होणार नव्हतं. कोळंबी मी आजवर पाहिलेली नाही. ती दगडाच्या आतच असते. मी भांडी घासताना टक् झालं की "हो, ऐकलं" म्हणते. हे वाचून मोठी बहीण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं म्हणेल. वकिलांनी नोंद घ्यावी, होतं.

मग एकदा आवाज थांबला. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात शेजारचे ग्रंथपाल.

यांच्याविषयी सांगायला हवं. आमची भिंत एक. दादा घरी कॉम्प्रेसर ठोकत बसायचा तेव्हा यांनी त्याच्याविरुद्ध सोसायटीकडे तक्रार केली होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. त्यांची पत्नी वारली तेव्हाही आम्ही दारातूनच परत आलो होतो. त्यांना दारात बघून मला वाटलं, आता पंपाच्या आवाजाची तक्रार.

"तुमच्याकडचा तो आवाज बंद झालाय," ते म्हणाले.

"मग बरंच झालं की तुम्हाला."

"नाही, म्हणजे... तुम्ही ठीक आहात ना?"

मला काही उमगेना. ते चपलांकडे बघत म्हणाले, "माझी खुर्ची त्या भिंतीशीच असते. मला वाटायचं, तुम्ही काही काम करता. दात ठोकत असाल. तेवढ्यावरून कळायचं की पलीकडे कुणी आहे."

मी त्यांना आत घेतलं. आम्ही दोघांनी टॉर्च मारून सगळे दगड न्याहाळले. खालच्या दगडाच्या तोंडाशी कोळंबीचं पारदर्शक कलेवर पडलं होतं, नांग्यासकट. ग्रंथपालांनीच दुकानदाराला फोन लावला, सगळं वर्णन केलं, ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "गेली नाही. कात टाकलीय. नवी कात घट्ट होईपर्यंत लपून राहते म्हणे."

दोन दिवसांनी टक् झालं. त्याबरोबर भिंतीच्या पलीकडून बोटांनी टकटक केल्याचाही आवाज आला.

आता ते दुपारी पुस्तक घेऊन इथे येतात. आम्ही फारसं बोलत नाही. ते गेले की घर पुन्हा पहिल्यासारखं होतं, हेही खोटं न बोलता लिहिते.

टाकी घेशील का, असं मी भाचीला विचारलं होतं. ती म्हणाली, "मावशी, घर चालेल गं, टाकी नको. मला सुट्टी कुठे मिळते?" खरं बोलली, आवडलं. दुकानदार दगड परत घ्यायला तयार आहे, पण तो ते विकणार, आणि विकत घेणारा आधी कोळंबी काढणार. म्हणून टाकी, पंप, दिवे आणि सगळे दगड ग्रंथपालांना द्यावेत. हलवताना दगड टाकीच्याच पाण्यात भिजवलेल्या कागदात गुंडाळावेत, उन्हात ठेवू नयेत, आणि ज्या क्रमाने काढले त्याच्या उलट क्रमाने लावावेत. डुगडुगला तर जबरदस्ती करू नये, फिरवून बघावा. प्रत्येक दगडाला बसायची जागा असते.

हे त्यांना सांगितलं तेव्हा ते चिडले. "तुम्ही परत येणार आहात," म्हणाले. मी म्हटलं, "येईनही. पण कोळंबीला कुणीतरी हवं ना."

५. माझ्यामागे शोकसभा, फोटो, हार काही नको. मोठ्या बहिणीला यायचं असेल तर तिने यावं आणि बसावं. खुर्च्या पुरेशा आहेत.

६. साक्षीदार. ग्रंथपाल सही करायला पेन काढून तयार होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. मी विचारलं, मग कोण? ते म्हणाले, "ओळखीचं कुणीही चालेल." मी रात्रीच्या जेवणापर्यंत विचार केला. शेवटी दुकानदाराने अर्धा दिवस दुकान बंद ठेवायचं कबूल केलं, आणि खालच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंना मी जिन्यात थांबवून विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही वर एकट्या असता होय?" आणि लगेच हो म्हणाल्या. दोघांचे आभार.

वरील मजकूर मी वाचून पाहिला आहे. त्यात काही खोडायचं नाही.

ठिकाण: राहतं घर, बाहेरची खोली
दिनांक: ९ फेब्रुवारी, दुपार

(सही) मृत्युपत्र करणारी

आम्हा दोघांसमक्ष, पूर्ण शुद्धीत, हात न थरथरता सही केली:

(सही) साक्षीदार पहिला: मत्स्यटाक्यांचा दुकानदार
(सही) साक्षीदार दुसरी: औषधांच्या दुकानातील कर्मचारी

वकिलांची टीप: सही होत असताना कलम ४ मधील लाभार्थी खोलीत हजर नव्हते. ते आपली खुर्ची घेऊन बाहेर जिन्यात बसले होते आणि सगळे निघून जाईपर्यंत तिथेच होते.