पुढचा सड, मागचा सड

माय, अंधेरीच्या गावठाणात आपल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये डुकरीण व्याली, तेव्हा तू तिचं बाळंतपण सख्ख्या लेकीसारखं केलंस. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, वर बाबांच्या चहातला गूळ. बाबा कुरकुरले तर म्हणालीस, "बाळंतीण हाय ती. तुम्ही कधी व्यालात?"

खरी पंचाईत पिल्लांची. पुढच्या सडांना दूध जास्त, ते दांडग्यांनी लगेच बळकावले. शेवटच्या सडाला एक मरतुकडं लोंबायचं, दिवसेंदिवस आणखी बारीक. आम्हा पाचही पोरांना मासळीचा तुकडा सारखा वाढणारी तू, तुला हा अन्याय खपणार कसा? तू आळीपाळी लावलीस. पुढचे उचलून मागे, मागचे पुढे. पण डुकराचं पिल्लू एकदा धरलेला सड सोडत नाही. ती किंचाळत आपापल्या जागेकडे धावतायत, एकमेकांना चावतायत, तू लुगडं खोचून त्यांच्या मागे. डुकरीण पान्हा सोडते तो चार घोटांपुरता. भांडण मिटेपर्यंत दूध बंद. दांडगेसुद्धा उपाशी राहायला लागले. शेजारची मावशी कुंपणावरून म्हणाली, "अगो, पोरं तिची हायत. तिला इचार तरी."

मग तू हार मानलीस, पण अर्धीच. बाकीच्यांना त्यांच्या जागा परत दिल्यास आणि मरतुकड्याला स्वयंपाकघरात आणलंस. बाबांच्या माकडटोपीत ठेवून चमच्याने दूध पाजायचीस. रोझरीची प्रार्थना म्हणतानाही तुझा एक डोळा टोपीवर असायचा. ते हललं नाही की तुझा जीव खाली-वर. आणि मी, घरातली सगळ्यात गुटगुटीत, हे बघत होते. माझी अशी काळजी कधी कुणाला करावीच लागली नाही. म्हणून मी जेवण सोडलं आणि चुलीपाशी डोळे मिटून पडले. तू म्हणालीस, "तू नाय मरत. सरक, त्याला ऊब लागू दे." रागाने मी उठले आणि दोन ताटं भात जेवले.

पिल्लू जगलं. वाडीभर तुझं कौतुक झालं, बाबांची टोपी तेवढी कायमची गेली.

तू तर गेलीस, मग हे पत्राचे कागद पाठवायचे कुठे? राहू देत माझ्याकडेच. हल्ली साखरेच्या पथ्याने मी एवढी बारीक झालेय की जुने कपडे अंगावर लोंबतात. सगळे म्हणतात, छान दिसतेस. एकालाही माझी काळजी वाटत नाही, आणि मला त्या पिल्लाचा अजून हेवा वाटतो.