एकवीस लॉकचा उतार

सोमवार, ३ जून १९७४
आज बोटीवर मदतनीस म्हणून रुजू झालो. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद, लाल-हिरवी रंगवलेली. कालव्यातून इतकी सावकाश जाते की बदकं आम्हाला मागे टाकतात. मालकीण डॉर्कसबाई, साठीची, तोंडाने फटकळ. तुम्हा कॉर्नवॉलच्या मासेमारांना दोनच गोष्टी येतात म्हणाली, बुडणं आणि बढाया. सफरीला आलेले पाहुणे दोघंच, टॅपली नवरा-बायको. दिवसभर चहा पितात आणि झाडांची नावं घेतात.
ही वही बायकोने, मोरवेनाने दिली. पत्रं तर लिहीत नाहीस, निदान यात लिही म्हणाली. तिचे दिवस भरत आलेत. शुक्रवारी संध्याकाळी सहाची गाडी पकडून घरी पोचायचंच, असा शब्द दिलाय. तीन वर्षांत पाच नोकऱ्या सोडल्या, शब्द किती मोडले ते मोजलेलं नाही. हा मोडायचा नाही.

मंगळवार, ४ जून
लॉक चालवायला शिकलो. दगडी हौद, दोन्ही टोकांना जाड लाकडी दारं. बोट आत घ्यायची, दारं लावायची, लोखंडी हँडलने खालच्या दाराच्या झडपा उघडायच्या. पाणी उतरतं, बोट उतरते. आतलं-बाहेरचं पाणी एका पातळीला आलं की खालचं दार हलक्या हाताने उघडतं. त्याआधी दहा माणसं लावली तरी नाही.
डॉर्कसबाईने दोन गोष्टी बजावल्या. एक, कालवा रुंद केलेली जागा सोडली तर बोट कुठेच वळत नाही. दुसरं, लॉकमधलं पाणी ज्याच्या पातळीला असेल त्याचा नंबर आधी. आपण थांबायचं.

बुधवार, ५ जून
एकवीस लॉकचा उतार सुरू झाला. तो संपला की शहर आणि स्टेशन.
तिसरं लॉक रिकामं होतं, खालची दारं उघडी. खालच्या बाजूला शंभरेक पावलांवर एक काळी बोट वर येत होती. सुकाणूशी काळ्या टोपड्यातली म्हातारी. तिच्यासाठी थांबलो असतो तर अर्धा तास गेला असता. मी दारं लावली, वरच्या झडपा उघडल्या आणि हौद आमच्यासाठी भरून घेतला. म्हातारीने बोट जागीच थांबवली. नुसती बघत राहिली.
डॉर्कसबाई हातातला चहा सोडून बाहेर आली. ओरडली नाही, त्याचंच वाईट वाटलं.
“तिचा नंबर होता, डेन्झिल.”
मी म्हटलं, म्हातारीला कुठे गाडी पकडायचीय?
आम्ही खाली उतरून बाहेर पडलो तेव्हा काळी बोट तिथे नव्हती. तिथे वळायला जागाच नाही.

गुरुवार, ६ जून
आज प्रत्येक लॉक आमच्यासाठी भरलेलं, दार उघडं. कोणीतरी पुढे जाऊन तयारी करून ठेवल्यासारखं. मी खुशीत होतो. डॉर्कसबाई नव्हती.
दुपारपर्यंत एकवीस व्हायला हवी होती. मी चोवीस मोजली. तिनेही. तीस वर्षं ती या कालव्यावर आहे आणि हे लॉक ओळखीचं नाही म्हणते. हौद खोल होत चाललेत. टॅपली म्हणाले, तेवढीच जास्त सफर.

शुक्रवार, ७ जून
सकाळी पिशवी घेऊन उतरलो. काठच्या पायवाटेने दोन तास चाललो, कुठे वळलो नाही. समोर लॉक, लॉकमध्ये आमची बोट. मिसेस टॅपलीने विचारलं, दूध मिळालं का?
उलटा चाललो. तेच लॉक, तीच बोट. पाण्यात आता मॅरमलेडची बाटली तरंगत होती, एवढाच फरक.
डॉर्कसबाई म्हणाली, बस बोटीत, पायी सुटका नाही. पुढे पाणीच नेईल. हँडल घेऊन ती वर काठावर गेली.

पाच वाजले. पाणी उतरतंय. खालचं दार उघडत नाही, बाहेरचं पाणीही उतरतंय. भिंतीतली शिडी माझ्या डोक्यावर संपते. खाली नुसता ओला दगड. डॉर्कसबाई वरून सांगते, झडपा बंद होत नाहीत, हँडल नुसतंच गरगर फिरतंय. दोर टाकला तिने. पुरला नाही.

सहा. गाडी गेली.

बहुतेक शनिवार
उजेड जातच नाही. वर आभाळ पट्टीएवढं. डॉर्कसबाईचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. टॅपली पत्ते खेळतायत, मला पाचव्यांदा बोलावलं — किती निवांत आहे म्हणे —

मी त्या काळ्या बोटीवरच्या म्हातारीला ओरडलो, आजी, चुकलो, तुम्ही आधी जा. माझी बायको बाळंत व्हायचीय. सोडा मला.
दाराच्या पलीकडून उत्तर आलं. प्रेमळ आवाज.
“जाईन रे बाळा. पण पाणी माझ्या पातळीला यायला हवं ना. मी खूप खाली थांबलेय.”

— 

आता आभाळ दोऱ्याएवढं. मोरवेना, मी निघालो होतो, खरंच निघालो —

पाणी थांबलं.
एका पातळीला आलं.
मी हात लावलेला नाही. दार आत उघडतंय, हलकं, अगदी हल