म्हाताऱ्याचा लांब सूर

४ मार्च, सोमवार
दातांच्या डॉक्टरांचा फोन. त्यांच्या दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही काही जण रेकॉर्डी ऐकायला जमतो. एप्रिलची बैठक माझी. विषय: म्हातारा. सुचलं एकदाचं यांना! इतकी वर्षं त्या खुर्च्यांवर बसून मी यांचे सॅक्सोफोनवाले निमूटपणे सोसले.

म्हातारा म्हणजे माझा गिटारवाला. जुन्या ब्लूज-रॉकचा. कव्हरवर तो सत्तावीस वर्षांचा आहे, पण मी कॉलेजपासून त्याला म्हाताराच म्हणतो. तसं वाजवायला माणूस एकदा तरी पुरता बुडालेला असावा लागतो.

ठराव: ऑफिसातून आल्यावर रोज तयारी. टीव्ही बंद. भाषण कमी, ऐकवणं जास्त.

६ मार्च
तयारी उद्यापासून म्हणता म्हणता आज सुरू केली. बाकीचे गिटारवाले सूर सांडत सुटतात. म्हातारा थांबतो. तार सावकाश ओढतो, जागेवर जरा उशिराच पोचतो, आणि तेवढ्या उशिरात ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. हाताच्या कडेने तार दाबून ठेवतो म्हणून आवाज आधी कोंडतो, मग सुटतो. अँप, म्हणजे अँप्लिफायर, इतका ताणतो की त्याचा घसा बसतो.

आणि लांब सूर. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, अगदी संथ. मध्येच तो एक सूर धरतो आणि अँपसमोर जाऊन उभा राहतो. तार दमते, पण अँपचा आवाज परत तारेत शिरतो आणि सूर विझायच्या ऐवजी वर उडी मारतो. बारीक, धारदार, थेट शिट्टी. गिटार कुठे संपली आणि अँप कुठे सुरू झाला ती नेमकी जागा मला दाखवता येते. बैठकीत त्या क्षणी मी फक्त बोट वर करणार. ऑफिसात मला कोणी विचारत नाही, घरात तर विचारूच नका. पण ही जागा आख्ख्या गावात एकट्या मला ठाऊक आहे. एवढं एक बोट बरोबर वर गेलं की माझं भरून पावलं.

९ मार्च, शनिवार
घात झाला. बऱ्याच दिवसांनी गाणं नीट बसून ऐकलं. लांब सूर नाही! तार दमते, आणि पुढे सामसूम. ड्रमची झांजसुद्धा गुळमुळीत. रेकॉर्ड झिजली असणार. नवी मागवली.

१३ मार्च
नवी रेकॉर्ड आली. तिच्यातही नाही! ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं, बटण शेवटपर्यंत पिळलं. तरी नाही. ही आतून दोन्ही कानांवर हात ठेवून आली आणि तोंड हलवून गेली. हल्ली ही पुटपुटते. पूर्वी काय खणखणीत आवाज होता! वय झालं बिचारीचं. बोलून दाखवलं नाही. मन दुखवायचं नाही, हाही एक ठराव.

१५ मार्च
ऑफिसात बदल. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर असतो, म्हणजे होतो. लोक काचेपलीकडून तोंडातल्या तोंडात बोलतात आणि वर आपल्यालाच ओरडतात. गेल्या आठवड्यात एकाने काचेवर बुक्की मारली. आज साहेबांनी मला मागच्या खोलीत बसवलं, पाइपांच्या जुन्या नकाशांपाशी. तिथे कोणी येत नाही. ज्येष्ठतेचा मान अखेर ठेवला म्हणायचा. खिडकीवर एक नवीन पोरगी बसवली आहे. बघू किती दिवस टिकते.

१७ मार्च, रविवार
मुलीचा फोन. ती लग्न झाल्यापासून दुसऱ्या शहरात असते. फोन कंपनीची सर्व्हिस साफ गेली आहे, त्यात पोरगी भरभर बोलते. माझं अशा वेळचं धोरण ठरलेलं आहे: समोरचा पुटपुटला की 'वा, छान' म्हणायचं आणि हसायचं. बहुतेक लोक तेवढ्यावर खूश असतात. आज ती बराच वेळ बोलली. मी म्हणालो, वा, छान, मजा करा. मग तिला बैठकीचं सविस्तर सांगायला घेतलं, तर फोन कट. म्हटलं ना, सर्व्हिस.

२१ मार्च
माझ्या प्लेअरच्या अँपसाठी दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. त्याने गाणं लावलं, तोंड वाकडं केलं आणि अँप ठणठणीत आहे म्हणाला. धंदा करायची अक्कल नाही लोकांना. मी हट्टाने व्हॉल्व्ह बदलून घेतले. जाताना त्याने ट्रेबल निम्म्यावर आणलं. तो जिना उतरेपर्यंत मी धीर धरला आणि परत होतं तिथे नेलं.

संध्याकाळी खालचे शेजारी वर आले. दारात उभे राहून हातवारे करत होते. मी म्हणालो, वा, छान. चेहरा लालबुंद करून गेले. एवढं भारावलेलं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

२५ मार्च
घरात कमालीची शांतता. ही आठवडाभर माझ्याशी बोललेली नाही, निदान मला तरी आठवत नाही. तयारीला उत्तम. ती आतल्या खोलीत फोन घेऊन बसलेली असते. डोळे लाल दिसले. धुळीची ऍलर्जी असेल. पडदे धुवायला हवेत म्हणालो.

३० मार्च, शनिवार
उलगडा झाला! रेकॉर्ड कंपनीने लांब सूर कापला आहे. हल्लीच्या लोकांना तिखट आवाज सोसत नाहीत, म्हणून सगळं पिठलं करून विकतात. मग आपली जुनी रेकॉर्ड? ती झिजलीच होती. म्हणजे दोन्हींचा हिशेब लागला.

आता बैठकीचं स्वरूप बदललं. नुसतं रसग्रहण नाही, पर्दाफाश. बोट वर करायचं आणि सांगायचं: इथे तो होता, आणि इथून तो चोरला.

७ एप्रिल, रविवार
बैठक. आठवतं तसं लिहितो.

ही आपणहून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दाढेचं मोठं चित्र लावलं आहे त्याच्याखाली, दाराजवळच्या खुर्चीवर बसली. मी म्हाताऱ्याबद्दल थोडं बोललो. बरं बोललो. दातांचे डॉक्टर मान डोलावत होते. मग घरून नेलेला अँप पूर्ण चढवला आणि दुसरी बाजू लावली.

सूर आला. तार दमली. मी बोट वर केलं आणि म्हणालो, ऐका, इथे तो सूर होता, आता काहीच नाही, नुसती सामसूम. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. पुढच्या रांगेतल्या बाई उठून बाहेर गेल्या. काचेच्या कपाटात कवळ्यांचे नमुने थरथरत होते. मला वाटलं, चोरी ऐकून लोक हादरले. म्हणून आणखी मोठ्याने म्हणालो, काहीच नाही!

तेव्हा ही उठली, खोली ओलांडून आली आणि तिने सुई उचलली. माझ्या प्लेअरला तिने आजवर बोट लावलं नव्हतं. मग माझ्या कानाशी तोंड आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अहो, सूर आहे. आम्हा सगळ्यांना ऐकू येतोय. तुम्हाला येत नाही."

मी लोकांना सांगितलं, हिला ब्लूजमधलं कळत नाही. कोणी हसलं नाही. डॉक्टरांनी माझा खांदा थोपटला, दात काढायच्या आधी थोपटतात तसा. बिस्किटं न खाताच लोक गेले.

८ एप्रिल
खोलीचा दोष. वेटिंग रूमला फरशी, काचा, ना पडदा ना गालिचा. असल्या खोलीत आवाज नाचतो आणि नको तिथे जातो. हे त्यांना सांगणार होतो, पण डॉक्टर फोन उचलत नाहीत.

चारचौघांत असं बोलणं बरं नव्हे. मी अबोला धरला आहे. हिला अजून ते कळलेलं नाही.

११ एप्रिल, गुरुवार
कानाच्या डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. केवळ हिच्या समाधानासाठी. काचेच्या पेटीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. पहिले दोन-तीन आले, मग बाई झोपल्या की काय कोण जाणे. मी आपला म्हाताऱ्याच्या ठेक्यात दाबत राहिलो. पैकीच्या पैकी मिळणार याची खात्री होती. बाई म्हणाल्या, जिथे आवाज नव्हता तिथेही तुम्ही दाबलंय. मी म्हणालो, तयार कान आहे. त्यांनी आलेख दाखवला. रेघ डावीकडे, जाड आवाजांपाशी, जेमतेम उभी आणि उजवीकडे तळघरात गेलेली. बारीक आवाज गेलेच आहेत म्हणे. कधीपासून, असं मला विचारलं. उत्तर हिने दिलं: बरीच वर्षं.

खाली उतरताना जिन्यात हिने मला थांबवलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "पोरगी नवऱ्याचं घर सोडून एकटी राहतेय. तिने आधी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, वा, छान, मजा करा."

जिन्यातले लोक बघायला लागले.

असल्या गोष्टी फोनवर सांगतात का? समोर बसून, नीट, तोंडाकडे बघून सांगायच्या. आणि सर्व्हिसचं मी आधीच म्हणत होतो.

जेवण गेलं नाही. मुलीला फोन करावा असं फार वाटलं. पण काय बोलणार, आणि ती काय म्हणते ते कळणार कसं? उद्या करू.

१९ एप्रिल
मुलीला फोन: उद्या नक्की.

२ मे, गुरुवार
कानाचं मशीन बसवलं. जग इतकं गोंगाटाचं असेल असं वाटलं नव्हतं. पिशवीची चुरचुर, हिच्या सपाता, माझं स्वतःचं चावणं. भांड्यांचा आवाज तर थेट मेंदूत. मशीन काढून डबीत ठेवलं. ही चिडली. मी म्हणालो, हळूहळू सवय करतो.

मुलगी आली आहे, दोन मोठ्या बॅगा घेऊन. काही दिवसांसाठी, असं म्हणते बहुतेक. बारीक झाली आहे. मी म्हणालो, वा. 'छान' गिळलं.

५ मे, रविवार
दोघी बाहेर गेल्या तेव्हा मशीन लावलं आणि म्हाताऱ्याला लावलं. ट्रेबल माणसासारखं ठेवून.

काय सांगू! बोटं तारेवरून घसरल्याचा आवाज आला. गाण्याआधीची अँपची घरघर आली. मागे कोणीतरी खाकरतो, तो माणूससुद्धा परत आला. एवढी वर्षं तो तिथेच होता. रडलो, खोटं कशाला बोलू.

मग लांब सूर. तार दमली, सूर वर उडी मारायला निघाला, त्याची धार मी ऐकली, आणि तो पाण्यात बुडाल्यासारखा डुचमळला आणि गेला. परत लावलं. परत गेला. दोघी येईपर्यंत तेच.

६ मे, सोमवार
ऑफिसातून मधल्या वेळेत मशीनवाल्या बाईंकडे गेलो. नकाशांच्या खोलीतून कोणी गेलं तर कळत नाही, एवढा एक फायदा. बाई म्हणाल्या, मशीन कधीकधी कानात स्वतःच शिट्टी मारतं, तो त्याचा दोष. म्हणून एकसारखा, लांब, बारीक आवाज आला की ते ती आपलीच शिट्टी समजतं आणि दाबून टाकतं. चांगल्या मशीनची हीच खूण. मी म्हणालो, अहो, तो दोष नाही, ती कला आहे. ते मशीनला कसं कळणार, असं त्या म्हणाल्या. सेटिंग सैल करता येईल, पण मग मशीनच शिट्ट्या मारेल, त्यातली तुमच्या माणसाची कुठली ते तुमचं तुम्ही ओळखा.

म्हणजे आयुष्यभर मी ज्याच्यामागे लागलो तो एक सूर सोडून मला सगळं ऐकू येणार. तक्रार करणार आहे. कडक शब्दांत. तक्रारी मला कळतात.

संध्याकाळी
मशीन कानातच राहिलं होतं. घरी आलो, चपला काढल्या, बाहेरच्या खोलीत बसलो. दोघी स्वयंपाकघरात होत्या. मी मशीन डबीत ठेवणारा माणूस, त्यामुळे हलक्या आवाजात बोलायची गरज त्यांना वाटली नाही. पोरीचा आवाज किती हिच्यासारखा झाला आहे! शब्द न् शब्द येत होता. ती विचारत होती, काय काय झालं ते बाबांना बसून नीट सांगू का.

ही काहीतरी चिरत होती. सुरी थांबली नाही. "कशाला? कान धड होते तेव्हा तरी कुठे ऐकत होते कुणाचं."

रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

मुलीने चहाचं आधण ठेवलं. मग दारात आली, मला बघून दचकली आणि आवाज चढवून तिने विचारलं, "बाबा, चहा घेणार?"

मी कानामागे हात नेला आणि म्हणालो, काय?