बहिणीचं वय

आसफी बंदर, ३ मार्च
डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षरं खेकड्यासारखी तिरकी चालतात. उजव्या हाताची दोन बोटं कारखान्यात डबे बंद करायच्या यंत्रात गेली. डॉक्टरांनी अपंगत्व तीस टक्के ठरवलं. सार्डिन मासळीची डोकी उडवणारीच बोटं गेली, त्याचे टक्के वेगळे धरत नाहीत म्हणे.

५ मार्च
विमा कचेरीतल्या इद्रिसने हिशेब केला. अपघातावेळी साठीच्या आत असेल त्याला जन्मभर दरमहा. साठी उलटलेल्याला एकदाच थोडी रक्कम, विषय संपला.
"लल्ला तामू, तुम्ही एकसष्ट. तसंही आता किती काम करणार होतात?" लल्ला लावून बोलतो, मान देऊन.
"मी अठ्ठावन्नची आहे."
"कार्डावर एकसष्ट आहे."
"कार्ड बहिणीचं आहे."
त्याने चष्मा काढला.
माझ्याआधी आईला एक तामू झाली होती. गोवराने गेली. मग मी झाले. तेच नाव, तोच जन्माचा कागद. आमच्या डोंगरात अशा बायका पुष्कळ. इद्रिस शहरातला, त्याला काय सांगणार.

९ मार्च
यामना मावशीकडे गेले. हे पाहिलेली आता तीच एक उरली आहे.
"तुझा बाप खेचरावरून जाऊन तो कागद घेऊन आला. वर कारकुनाला कोंबडी द्यावी लागली. पोरगी मेली म्हणून चांगला कागद फेकायचा होय गं?"
"कोर्टात सांगशील?"
"सांगेन की. पण टॅक्सीने ने. आणि कोंबडी मी देणार नाही."

१७ मार्च
वकीलबाई म्हणाल्या, मावशीची साक्ष चालेल. बहिणीचा मृत्यू नोंदवतील, मग माझा जन्म. नवीन नावाने, कारण तामू हे तिचंच राहणार.
"कोणतं नाव घ्याल?" – कापड निवडायला सांगावं तसं विचारलं.
मग कागद चाळता चाळता थांबल्या. माझ्या आणि लहबीबच्या निकाहनाम्यावर तामू आहे. ती तर लहानपणीच वारली, असं ठरणार. "नवरा असता तर दोघांनी येऊन दुरुस्त करता आलं असतं. आता अवघड आहे. कागदोपत्री तुम्ही त्यांच्या कुणी उरणार नाही."

१८ मार्च
चहाला आजही दोन पेले काढले. लहबीबचा परत ठेवला.

२० मार्च
मावशी म्हणते, पैसे घे. "मेलेल्याला बायको कशाला लागते?"
तिचं चूक नाही. घरभाडं दर महिन्याला येतं, एकदाच नाही. मासळी आता कुणी माझ्या हातात देणार नाही.
लहबीब दारातूनच हाक मारायचा, चपला काढायच्या आधी – तामू. मी नाही, तर मग आतून ओ कोण देत होतं?

२४ मार्च
इद्रिसला सांगून आले, मी एकसष्टची आहे. त्याने सहीची जागा दाखवली. डाव्या हाताने सावकाश लिहिलं – तामू, लहबीबची बायको.
"नुसतं नाव पुरे होतं," तो म्हणाला.