जलदरबारचा सोनेरी पास

१ मार्च १९९७, सकाळी
संकल्प: आजपासून कुठल्याही रांगेत उभं राहायचं नाही. हायवेला नवा जलदरबार वॉटर पार्क निघालाय, त्याचा सोनेरी सीझन पास काल घेतला. फॅमिली पास. मी, पूर्णिमा आणि कस्तुरी. मागच्या बाजूला छापलंय, 'पासधारकांस रांग नाही.' त्यांना गेटसुद्धा वेगळं. त्याचं नाव राजद्वार. दुकानात आल्या आल्या पास लॅमिनेट केला. राजारामपुरीत झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान स्वतःचं असण्याचा हा फायदा.
पूर्णिमा म्हणाली, तुम्हाला पोहायला कुठं येतंय? बायकोला मुद्दाच कळत नाही. प्रश्न पाण्याचा नाही, मानाचा आहे.

त्याच दिवशी, दुपारी
मानाचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. गावाकडं, राधानगरीच्या पुढं, भैरोबाच्या जत्रेत पहिला नारळ आमच्या घराचा. आप्पा गेले आणि गेल्या वर्षी तो मान माझ्याकडं आला. गेलो. सगळं गाव रांगेत उभं आणि मी त्यांच्या पुढनं थेट गाभाऱ्यापाशी. नारळ एका दणक्यात फोडला. मग पहिल्या पंगतीला बसून जेवलो. त्यावरून बोंबाबोंब. म्हणे मानकऱ्यानं दिवसभर उपाशी राहायचं, गावाला वाढायचं आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायचं. आप्पा शेवटी जेवायचे हे मी लहानपणापासून बघत होतो. मला वाटायचं, त्यांना कुणी विचारत नसेल.
पंचांनी मान काढून चुलतभाऊ विजयसिंहाला दिला. सगळं त्याचंच कारस्थान. मला भूक लागली होती. एवढंच.

९ मार्च १९९७
जलदरबार. मोठ्या घसरगुंडीला ही रांग. एका शाळेची सहल उन्हात उभी होती. त्यांचे मास्तर म्हणाले, पावणं, लाईन हाय. मी नुसता पास दाखवला. मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. अख्ख्या सहलीच्या पुढनं वर गेलो.
वर गेल्यावर लक्षात आलं की घसरगुंडी फारच उंच आहे. इंजिनिअरिंगची चूक. जिन्यानं खाली आलो. जिना एकच असल्यामुळं सहल परत भेटली. पायथ्याशी शिट्टी घेऊन शालूबाई म्हणून एक बाई बसते. तिनं विचारलं, काय झालं? पाहणी करायला गेलो होतो म्हणालो.
कस्तुरी सहा वर्षांची, ती घसरून माझ्या आधी खाली पोचली होती. पोरांना धोका कळत नाही.

१७ मे १९९८
मास्टरस्ट्रोक. विजयसिंहाला कुटुंबासकट जलदरबारला बोलावलं. तिकिटं माझ्यातर्फे. साधी. तो, वहिनी, दोन पोरं आणि त्याची आई धोंडुबाई काकू. राजद्वारापाशी गेल्यावर म्हणालो, तुम्ही तिकडनं या, मला ही सोय आहे. ते साध्या रांगेत, मी आत.
त्यांच्या पुढनं चार वेळा वर गेलो. चारही वेळा वरून हात केला. चारही वेळा जिन्यानं उतरलो, त्यामुळं प्रत्येक वेळी त्यांच्याशी दोन शब्द बोलता आले. धाकटं पोरगं तहान तहान करून रडायला लागलं. काकूंनी डोक्यावर पदर घेतला होता, तोंड लालबुंद. चौथ्या वेळी उतरलो तर म्हणाल्या, "बाळ्या, सारखा चढतोयस, दमला असशील. ह्ये घे, पाणी पी." बाटलीत घोटभरच उरलं होतं. प्यायलो.
विजयसिंहानं पोराला कडेवर घेतलं आणि रांगेत पुढं सरकला. जिरली.
पूर्णिमा येताना रिक्षात माझ्याशी बोलली नाही. तिला ऊन लागलं असणार.

१२ एप्रिल २०००
जलदरबारचं पत्रक आलं. पासधारक फार वाढल्यामुळं रांगेशिवाय प्रवेश दुपारी बारापर्यंतच. हे माझ्यासारख्यांच्या सोयीसाठीच केलंय. खरे लोक सकाळीच येतात. रविवारी पहाटे उठायचं ठरवलं.

१६ एप्रिल २०००
गजर लावला होता. पूर्णिमानं बंद केला असावा. पोचेपर्यंत बारा वाजून गेले. शालूबाई म्हणाली, आता लाईनीत या. संकल्प मोडण्यापेक्षा कँटीनमध्ये बसलो. पार्क बंद होईपर्यंत तीन मिसळी झाल्या. कस्तुरी साध्या रांगेतनं किती वेळा घसरली देव जाणे. मागनं तिनं सांगायचा प्रयत्न केला, पण ॲसिडिटी होती.

१८ एप्रिल २०००
दुकानात क्लासच्या पोरांची नोट्ससाठी झुंबड. एक पोरगं ओळख सांगून पुढं घुसलं. त्याला सगळ्यांच्या मागं उभं केलं आणि पाटी लावली: 'रांगेत उभे राहावे. ओळख दाखवू नये.' लोकांना शिस्त नाही.

५ मे २००२
नवा नियम. पासधारकाला दिवसातनं दोनदाच रांगेपुढं जाता येणार. प्रत्येक वेळी मनगटावर जांभळा शिक्का. दोन झाले की संपलं. शाई पाण्यानं जात नाही. ज्याचं अख्खं आयुष्य शाईत आणि टोनरमध्ये गेलं, त्याला हे सांगतात.

६ मे २००२
शिक्का रॉकेलनं निघतो. कातडीही निघते. डॉक्टरांनी विचारलं, भाजलं कशानं? मानासाठी, असं सांगणार होतो, पण पेशंट रांगेत होते. (डॉक्टर ओळखीचे, त्यामुळं आधी गेलो.)

८ फेब्रुवारी २००३
कस्तुरीच्या शाळेची सहल जलदरबारला. बापाचा पास असताना पोरीनं पोरींच्या मागं उभं राहायचं? दुकान बंद करून सरप्राईज द्यायला गेलो. रांगेच्या मध्यावर मैत्रिणींबरोबर उभी होती. हाताला धरून बाहेर काढली आणि सगळ्या वर्गाच्या पुढनं वर नेली. ती नको नको म्हणत होती. लाजाळू आहे. मागनं पोरी हसल्या, कुणीतरी 'महाराणी' म्हणून ओरडलं. बघा, आपोआप मान मिळतो.
मी जिन्यानं उतरलो. ती घसरून खाली आली आणि शेडमध्ये एकटीच बसली. मैत्रिणींनी डबे सोडले, तरी तिला हाक मारली नाही. शालूबाई शेंगा घेऊन तिच्या शेजारी जाऊन बसली. अशा लोकांशी बोलायची सवय लागायला नको, तिला सांगायला पाहिजे.

१४ फेब्रुवारी २००३
कस्तुरी सहा दिवस बोललेली नाही. आज बोलली. म्हणाली, आता मी तुमच्याबरोबर कुठंच येत नाही.
वय असतं. जाईल.

१ मे २००५
जलदरबारनं आता जादा पैसे घेऊन 'एक्स्प्रेस'चा लाल पट्टा काढलाय. लाल पट्टेवाले रांगेशिवाय पुढं. आणि पासधारकांना काय? वेगळी रांग! रांग! तीसुद्धा साध्या रांगेपेक्षा हळू. साध्या रांगेतले दहा सोडले की आमच्यातला एक सोडतात. मी शालूबाईला म्हणालो, हा अन्याय आहे, मी पहिल्या वर्षापासूनचा आहे. ती म्हणाली, पण तुम्ही तर घसरतच न्हाईसा, मग घाई कसली?
अडाण्याशी वाद नको. पास पुढल्या वर्षासाठी रिन्यू केला.

२ एप्रिल २००६
अखेर. जलदरबारच्या मालकांच्या सहीचं पत्र. ३० एप्रिलला पासधारक दिन. दहा वर्षांच्या पासधारकांचा सत्कार, आणि नव्या घसरगुंडीचं उद्घाटन सगळ्यात आधी राजद्वारात पोचणाऱ्या पासधारकाच्या हस्ते. त्या दिवशी पासधारकांसाठीच सगळं. पत्र लॅमिनेट केलं. शालीला इस्त्री लागते का बघायला पाहिजे. ते शाल घालतीलच, पण आपली जवळ असलेली बरी.

९ एप्रिल २००६
विजयसिंह दुकानात आला. पोरांच्या मागं रांगेत गुमान उभा राहिला, नंबर आल्यावर बोलला. त्याचा गुडघा गेलाय, देवळाच्या पायऱ्या होत नाहीत. दिवसभर उभं राहून वाढणंही होत नाही. म्हणाला, "मान तुझ्या घरचा हाय, बाळासो. पंचांशी बोललोय मी. ये आणि घे. उपास तेवढा धर, आणि शेवटी जेव. न्हाईतर खालच्या गल्लीचे टपूनच हाईत, मान कायमचा तिकडं जातोय."
दहा वर्षं ज्यासाठी तळमळलो, ते असं स्वतःहून चालत आलं. मग विचारलं, जत्रा कधी?
३० एप्रिल.

१० एप्रिल २००६
प्लॅन तयार. सकाळी जलदरबार, उद्घाटन, सत्कार. लगेच वडापच्या जीपनं गाव. नारळ दुपारी. भैरोबा कुठं पळून जात नाही. विजयसिंहाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, नारळ पहाटे असतोय, तुला म्हाईत हाय. घरातलं दुसरं कुणी येईल का?
हे कस्तुरीनं ऐकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "मी जातो."
मी हसलो. पोरीच्या हातून मान? पंच घेणार नाहीत. पंधरा वर्षांची आहे, दिवसभर उपाशी राहायचं म्हणजे खायचं काम नाही. पण जाऊ दे. जागा धरून ठेवेल. मी पोचलो की माझा नंबर.

३० एप्रिल २००६, सकाळी
मायलेकी काल संध्याकाळच्याच एसटीनं गेल्या. मी अंघोळ करून, शाल पिशवीत टाकून निघालो. फिटनेस उत्तम. आज घसरायचंही ठरवलंय. दहा वर्षांची तयारी झाली.

त्याच दिवशी, जलदरबारच्या गेटबाहेर
लिहायला वेळ भरपूर आहे. एका पतपेढीनं आपल्या सगळ्या सभासदांना सोनेरी पास फुकट वाटलेत. सगळेच पासधारक. राजद्वाराची रांग हायवेपर्यंत आली आहे आणि मी हायवेच्या टोकाला. ट्रक अंगावरनं जातात.
साध्या तिकिटाच्या खिडकीवर कुत्रंसुद्धा नाही. आज शालूबाईची तिथं ड्यूटी. लांबनं हात करून मला बोलावलं, म्हणाली, साधं तिकीट घ्या आणि आत जावा. पास असताना तिकीट काढायचं? दहा वर्षं कशासाठी घालवली मग? नको म्हणालो. ती म्हणाली, बरं.

दुपारी
उद्घाटन झालं. सांगलीकडच्या कुणा चष्मेवाल्या पावण्याच्या हस्ते. त्याचा पास गेल्याच आठवड्यातला. लाऊडस्पीकरवर सत्काराला माझंही नाव पुकारलं. तीनदा. मी हात वर केला, पण मध्ये रांग होती. पुढच्या माणसाला म्हणालो, ते माझं नाव आहे, जरा जाऊ द्या. तो म्हणाला, हितं सगळ्यांनाच नाव हाय.

पाच वाजता
राजद्वारात पोचलो. नव्या घसरगुंडीचा पंप जळालाय. कर्मचारी म्हणाला, वर जाऊन बघून यायचं असेल तर जिना मोकळा आहे.
गेलो. उतरलो.

३० एप्रिल २००६, गाव
वडापमधनं उतरलो तर अंधार पडत होता. देवळापुढं शेवटची पंगत उठत आलेली. आता पानं नाहीत, उरलेल्यांना हातात द्रोण देऊन रांगेनं खीर वाढणं चाललं होतं. वाढणारी कस्तुरी. कपाळभर गुलाल, ओठ सुकलेले, पदर खोचावा तशी ओढणी खोचलेली. पूर्णिमानं सांगितलं, नारळ एका दणक्यात फुटला. पहाटेपासून पोरीनं पाणीसुद्धा घेतलेलं नाही. पंचांनी विचारलं, जमेल का? ती म्हणाली, मला रांगेत उभं राहायची सवय हाय. धोंडुबाई काकू म्हातारपणानं वाकल्यात, त्यांनी तिचे गाल कुरवाळले म्हणे. मान आमच्या घरात राहिला. म्हणजे माझाच.
मी पिशवीतली शाल काढून खांद्यावर घेतली आणि पुढं गेलो. म्हणालो, आण तो डाव इकडं, मी आलोय. तिनं मान वर केली नाही.
"बाबा, लाईन तिकडं हाय."
सगळं गाव बघत होतं. विजयसिंह जमिनीकडं बघत होता. मी गेलो. एक भिकारी आणि दोन बैलगाडीवाले होते, त्यांच्या मागं उभा राहिलो. माझ्या मागं कुणी नव्हतं.
नंबर आला. तिनं पातेलं तिरकं केलं, डाव घासला आणि जे निघालं ते माझ्या द्रोणात घातलं. पातेलं मोकळं. आमटी मघाशीच संपली होती, भाताची खरवडसुद्धा नव्हती. ती पातेल्यापाशी उभी राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रांगेत माझ्या मागं कुणी नव्हतं, असं नाही. मानकरी शेवटी जेवतो. माझ्या मागं ती होती.
पूर्णिमा म्हणाली, अहो, अर्धी तरी ठेवा तिला. द्रोण अर्ध्यावर आला होता. कस्तुरी म्हणाली, असू दे आई, खाऊ दे त्यांना.
मी विचार केला. दिवसभरात एकाच्या तरी पुढं नंबर लागला होता. खीर गव्हाची होती, गूळ जरा जास्त. संपवली.
भूक लागली होती. एवढंच.